बदलीच्या गावात एजन्सीमार्फत नोकरी शोधताना: नागपूरपुरतं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा : यजमानांची रेल्वेत बदली झाली म्हणून कुटुंब चाकणहून नागपूरला आलं, मनीषनगरला घर घेतलं. प्रश्न विचारणाऱ्या ताईंना स्टोअर आणि डिस्पॅचचा (माल साठवण्याचा आणि रवाना करण्याचा) ८ वर्षांचा अनुभव आहे, सॅप (कारखान्यांत माल-साठ्याच्या नोंदींसाठी वापरतात ते सॉफ्टवेअर) येतं, मुलगी पहिलीत आहे. चाकणला हातात ३१,००० येत होते. दोन महिने नोकरीच्या पोर्टलवर अर्ज करून काही हाती लागलेलं नाही, फोन येतात ते कन्सल्टन्सीचेच, म्हणजे नोकरी लावून देणाऱ्या एजन्सींचेच. एकीने नोंदणीचे १,५०० रुपये मागितले. दुसरी बुटीबोरी एमआयडीसीत २२,००० ची ‘ऑफ-रोल’ जागा (काम कारखान्यात, पण नोकरी आणि पगार एजन्सीचा) सांगते आहे. एजन्सीकडून जावं का, पैसे द्यावेत का, आणि ऑफ-रोल घेतलं तर पुढचं करिअर बिघडेल का?

ताई, आधी पैशांचं सांगतो, कारण ते तुम्हाला कदाचित आज-उद्याच ठरवायचं असेल. १,५०० रुपये देऊ नका. ‘जॉइन झाल्यावर परत करतो’ म्हणाले तरी देऊ नका, पाचशेवर तडजोड केली तरी नको. मी बरीच वर्षं नागपुरातल्या कारखान्यांसाठी माणसं भरतो आहे. आधी एजन्सीत होतो, आता कंपनीकडून एजन्सीवाल्यांशी बोलतो. या धंद्यात पैसा कुठून येतो ते एकदा समजलं की तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुम्हीच द्याल.

कायम जागेवर माणूस दिला की कंपनी एजन्सीला फी देते. रूढ दर वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. कंत्राटी माणूस दिला तर एजन्सी दर महिन्याला कंपनीला बिल लावते : पगार, पीएफ, ईएसआयसी (कामगार विमा), त्यावर आपला सर्व्हिस चार्ज, आणि वर १८ टक्के जीएसटी. दोन्हीकडे पैसे मोजणारी कंपनीच असते. मग उमेदवाराकडे कोण मागतो? ज्याच्याकडे बिल लावायला कंपनी नाही तो. त्याचा धंदाच नोंदणी फीवर चालतो. रोज पाच-दहा जणांनी फी भरली की त्याचं भागतं, नोकरी लावायची गरजही पडत नाही.

दुसरी गोष्टही यातूनच निघते. एजन्सीत तुमच्यासाठी नोकरी शोधत कुणी बसलेलं नसतं. तिच्याकडे जागा येते आणि त्या जागेत बसणारा माणूस ती शोधते. ‘बायोडेटा देऊन महिना झाला, साधा फोन नाही’ असं म्हणून लोक दुखावतात. तुमच्या कामाची जागा आली नसेल तर फोन येणार नाही, त्यात तुमच्यात काही कमी आहे असं अजिबात समजू नका. फक्त जागा येईल त्या दिवशी तुमचं नाव एजन्सीतल्या त्या मुलीच्या किंवा मुलाच्या डोळ्यांसमोर असायला हवं, एवढं आपल्या हातात असतं.

आता बाहेरगावहून आलेल्यांसाठी सगळ्यात कळीचा मुद्दा. कंपनी आणि एजन्सीच्या करारात बहुतेकदा एक कलम असतं : दिलेला माणूस ६० किंवा ९० दिवसांच्या आत सोडून गेला तर एजन्सीने फुकटात दुसरा द्यायचा, नाहीतर फी परत करायची. त्यामुळे पुण्याकडून आलेला बायोडेटा उघडला की एजन्सीवाल्याच्या मनात पहिली धाकधूक हीच असते, की ही व्यक्ती टिकेल का? तुमचा अनुभव, तुमचं सॅप, सगळं त्याच्या नंतर. आणि ‘मिस्टरांची बदली झाली म्हणून आलो’ हे वाक्य, जे तुम्ही अगदी खरेपणाने सांगता, त्याच्या कानाला ‘पुन्हा बदली झाली की जाणार’ असं ऐकू येतं.

पहिला फोन कसा असतो ते सांगतो. नागपुरात तो बहुतेक हिंदीतच येतो, पुण्याकडच्या माणसाला ते आधी परकं वाटतं. ‘मॅडम, अभी लोकेशन क्या है? वापस पूना तो नहीं जाना?’ समोरून उत्तर येतं, ‘नाही, सध्या तरी नागपूरच, बघू आता.’ त्या ‘बघू’वर फोन संपतो. तो ‘ठीक है मॅडम, बताते हैं’ म्हणतो आणि पुढच्या नावाकडे जातो. त्याऐवजी एवढं सांगा : ‘आम्ही नागपूरला राहायला आलोय, मुलीची शाळा इथे सुरू झालीय. मिस्टरांची बदली नुकतीच झालीय, लगेच दुसरी नाही. वर्धा रोडवरचं बुटीबोरी, खापरी, मिहान मला चालेल. उद्या बोलावलं तरी येते.’ यात खोटं काहीच नाही. पण शाळा सुरू झाली या एका गोष्टीला समोरचा जितकं वजन देतो तितकं तुमच्या पदवीलाही देत नाही. ‘मुलीला कोण बघतं?’ असंही विचारतील. पुरुषाला हा प्रश्न कधी येत नाही, बाईला हमखास येतो, आणि मला तो चुकीचाच वाटतो. तरी फोनवर वाद नको. ‘घरी सोय आहे’ एवढं म्हणा आणि कामाकडे वळा.

पोर्टलवरून काही होत नाही त्याचं कारण बहुधा साधं आहे. तुमच्या प्रोफाइलवर ‘सध्याचं ठिकाण’ अजून पुणे असेल. भरती करणारा माणूस अर्ज वाचत बसत नाही, तो शोध लावतो : नागपूर, स्टोअर, सॅप, पाच ते दहा वर्षं, अलीकडे सक्रिय. पुणे लिहिलेलं प्रोफाइल त्या चाळणीतून खालीच पडतं. आजच ते बदला. बायोडेटाच्या अगदी वरच्या ओळीत ‘मनीषनगर, नागपूर. लगेच रुजू होऊ शकते’ असं टाका. आठवड्यातून एकदा प्रोफाइलमध्ये एखादा शब्द जरी बदललात तरी ते ताजं दिसतं. आणि ‘स्टोअर हाताळणे’ असं मोघम लिहू नका. जीआरएन, फिफो, सायकल काउंट, ई-वे बिल, डिस्पॅच प्लॅनिंग, सॅपचं एमएम मोड्यूल हे शब्द जसेच्या तसे हवेत, कारण शोध याच शब्दांनी लागतो.

नागपुरातल्या एजन्सी सगळ्या एका जातीच्या नाहीत. सीताबर्डी, धरमपेठ, रामदासपेठ भागात वरच्या मजल्यावर एक-दोन खोल्यांची ऑफिसं असतात, ते कायम जागांचे कन्सल्टंट. त्यांच्याकडे जागा कमी, पण एचआरशी थेट ओळख असते. टीमलीज, क्वेस, रँडस्टॅड, अडेको यांसारख्या देशभर चालणाऱ्या स्टाफिंग कंपन्या आपल्या पेरोलवर माणसं ठेवून मोठ्या कंपन्यांना पुरवतात. तुम्हाला आलेली ऑफ-रोल जागा या प्रकारची. तिसरे एमआयडीसीतले लेबर ठेकेदार. त्यांचं काम हेल्पर, लोडिंग, पॅकिंगची माणसं पुरवण्याचं, तुमचा अनुभव तिथे वाया जाईल. पहिल्या प्रकारातले दोन आणि दुसऱ्यातले दोन धरा, तेवढे पुरे. वीस ठिकाणी बायोडेटा फेकल्याने नुकसानच होतं, ते कसं हे पुढे सांगतो.

त्याआधी गावाचा नकाशा, कारण नवीन माणूस इथे फार फसतो. ‘नागपूर एमआयडीसी’ म्हटलं की एकच जागा डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात बुटीबोरी वर्धा रोडने साधारण तीस किलोमीटर दक्षिणेला, हिंगणा पश्चिमेला, कळमेश्वर काटोल रोडच्या अंगाला, वाडी अमरावती रोडवर. तुम्ही मनीषनगरला, म्हणजे वर्धा रोडच्या कडेला. तुमच्यासाठी बुटीबोरी आणि मिहान (विमानतळाजवळचा औद्योगिक परिसर) सोयीचं. बुटीबोरीत सीएट, इंडोरामा यांसारखे मोठे कारखाने आहेत, त्यांच्या आजूबाजूला लहानमोठी युनिटं, आणि स्टोअर-डिस्पॅच प्रत्येकाला लागतंच. कंपनीची बस वर्धा रोडवरच्या एखाद्या चौकातून मिळते का, ते पहिल्याच फोनवर विचारा. स्वतःच्या गाडीने रोज पन्नास-साठ किलोमीटर, त्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना, हे चार दिवस जमतं. पुढे माणूस थकून नोकरी सोडतो आणि एजन्सीच्या वहीत कायमचा ‘सोडून जाणारा’ ठरतो.

हिंगण्याला महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आणि त्याला माल पुरवणारी युनिटं आहेत. मेट्रोची ॲक्वा लाइन लोकमान्यनगरपर्यंत जाते, पण तुम्हाला सीताबर्डीला गाडी बदलावी लागेल आणि उतरल्यावर पुढे रिक्षा. जागा उत्तम असेल तरच. वाडीला गोदामं खूप आहेत. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर राज्याराज्यांत वेगळी गोदामं ठेवायची कंपन्यांची गरज कमी झाली, आणि देशाच्या मध्यावरचं नागपूर मोठ्या गोदामांना सोयीचं ठरलं. तुमच्या अनुभवाला तिथे मागणी आहे. फक्त गोदामाचं डिस्पॅच संध्याकाळी उशिरापर्यंत चालतं आणि तुमचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. दुसरी पाळी असेल तर परतीचं वाहन कंपनी देते का, ते लेखी घ्या. इतवारी, गांधीबाग, कळमन्याच्या व्यापाऱ्यांकडे मात्र एजन्सीमार्फत जाऊ नका. तिथली माणसं ओळखीतून आणि सीएच्या ऑफिसातून लागतात.

आता वीस ठिकाणी बायोडेटा देण्याचं. समजा दोन एजन्सींनी तुमचं नाव एकाच कंपनीला पाठवलं. उद्या तुमची निवड झाली तर फी कुणाची, यावरून दोघींत भांडण लागणार. एचआरला ती कटकट नको असते, तो तुमचा बायोडेटाच बाजूला ठेवतो आणि तुम्हाला कारणही कळत नाही. तुम्ही स्वतः कंपनीच्या वेबसाइटवर अर्ज केलेला असेल आणि नंतर एजन्सीने नाव पाठवलं, तरी हाच घोळ. म्हणून एक वही करा. तारीख, एजन्सी, बोलणाऱ्याचं नाव, कंपनी, जागा, सांगितलेला पगार. आणि प्रत्येक एजन्सीला स्वच्छ सांगा, ‘कंपनीचं नाव सांगितल्याशिवाय आणि माझा होकार घेतल्याशिवाय बायोडेटा पुढे पाठवू नका.’ होकार व्हॉट्सॲपवर द्या, म्हणजे पुरावा राहतो. नाव सांगायला जो अजिबात तयार नाही, त्याच्याकडे बहुधा जागाच नाही, तो बायोडेटे गोळा करतोय.

कागदपत्रांबाबत एवढंच : मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायची नाहीत, आधारची मास्क केलेली (पहिले आठ आकडे झाकलेली) प्रत द्यायची, बँकेचा तपशील ऑफर लेटर हातात आल्यावरच. एम्स, मेट्रो, रेल्वे, मिहानमधल्या नामांकित कंपन्या यांच्या नावाने ‘थेट नेमणूक, फक्त डिपॉझिट भरा’ असे निरोप फिरतात. अशा संस्थांच्या कायम जागा त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाहिरात देऊन भरल्या जातात. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करा. एनसीएस आणि महास्वयंम या सरकारी पोर्टलवर नोंदणी फुकट आहे, तीही करून ठेवा, पण सगळी भिस्त त्यांवर ठेवू नका.

आता तुमच्या २२,००० कडे येऊ. एजन्सीतल्या त्या मुलीला पहिला प्रश्न विचारा : हे २२,००० सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च), ग्रॉस (कपातीआधीचा पगार) की हातात? एजन्सी बहुतेक वेळा सीटीसी सांगते. ते सीटीसी धरलं तर हिशेब असा पडतो. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापला जातो असं समजा. मालकाचा वाटा १२ टक्के म्हणजे १,८००, वर विमा आणि प्रशासकीय खर्च मिळून एक टक्का, १५०. ईएसआयसीत मालकाचा वाटा ग्रॉसच्या ३.२५ टक्के. हे सगळं २२,००० च्या आतच असेल तर ग्रॉस उरतो सुमारे १९,४००. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि ईएसआयसीचे ०.७५ टक्के, म्हणजे १४६ रुपये जातात. व्यवसाय कर महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या पगाराला नाही, तेवढं वाचतं. हातात सुमारे १७,४५०. बोनस आणि ग्रॅच्युइटीही सीटीसीत कोंबली असेल तर आणखी कमी, आणि बसचे पैसे कापत असतील तर त्याहून कमी. चाकणच्या ३१,००० पुढे ही फार मोठी घसरण आहे.

नागपुरात पगार पुण्याहून कमी असतात, ते स्वीकारूनच बोलावं लागेल. पण एवढे कमी नकोत. तुम्ही ‘हातात २२,०००’ असं म्हणा. ग्रॉस २३,८०० असला की पीएफचे १,८०० जाऊन बरोबर तेवढे हातात येतात. ग्रॉस २१,००० च्या वर गेला की ईएसआयसी लागू होत नाही. यजमान रेल्वेत असल्याने दवाखान्याची चिंता तुम्हाला तशी कमी आहे. इतरांनी मात्र इथे मेडिक्लेमचं विचारून घ्यावं, कारण सोमवारी पेठेतलं ईएसआयचं रुग्णालय हाताशी असणं हा लहान पगाराच्या घराला खरा आधार असतो. एजन्सी म्हणेल, बजेटच नाही. तेव्हा वेगळा प्रश्न टाका : ‘कंपनीने या जागेचं बजेट किती दिलंय? एकदा विचारून सांगा.’ स्टोअरच्या अनुभवी माणसाला सॅप येत असेल तर कंपनी दोन-तीन हजार वाढवते, असं मी अनेकदा पाहिलंय. बजेट बहुधा मजुरीच्या जागांच्या अंदाजाने आधीच लिहिलेलं असतं, म्हणून कुणीतरी विचारावं लागतं.

ऑफ-रोलने करिअर बिघडतं का? नीट कागद घेतले तर नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या, आणि त्यानुसार प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावंच लागतं. तुमचं पत्र एजन्सीचं असेल. त्यात पद, ग्रॉस पगार, कराराची मुदत, कामाचं ठिकाण आणि नोटीस किती दिवसांची, हे वाचा. मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर मी थांबा म्हणेन, कारण ठरावीक मुदतीच्या नोकरीत नव्या नियमाने एक वर्षावर ग्रॅच्युइटीचा हक्क येतो आणि अकरा महिन्यांचे करार नेमके त्या अलीकडे थांबतात. मध्येच सोडलं तर अमुक रक्कम भरा अशी ओळ असेल तर सही करू नका.

चाकणचाच यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) द्या, नवा काढू देऊ नका. दोन यूएएन झाले की ते एकत्र करताना नाकी नऊ येतात. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. म्हणून दुसऱ्या महिन्यात २० तारखेच्या सुमारास उमंग ॲपवर पासबुक उघडून बघा. पगाराच्या स्लिपवर कपात दिसते आणि पासबुकात शून्य, हे लहान एजन्सींकडे घडतं. असं दिसलं तर त्याच आठवड्यात आधी एजन्सीला, मग कारखान्याच्या एचआरला मेल टाका. ठेकेदाराने पगार किंवा पीएफ बुडवला तर मुख्य कंपनीला तो द्यावा लागतो, त्यामुळे एचआर लगेच हलतं. तरी जमलं नाही तर पीएफचं ऑनलाइन तक्रार पोर्टल आहे, आणि रघुजीनगरला त्यांचं कार्यालय आहे.

‘सहा महिन्यांत ऑन-रोल करतात’, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या पगारपत्रकावर घेतात, असं एजन्सी सांगेल. हे ती ठरवत नाही, त्यामुळे तिच्या शब्दावर विसंबू नका. मुलाखतीला कारखान्यात जाल तेव्हा स्टोअरच्याच एखाद्या माणसाला विचारा, गेल्या वर्षी इथले किती जण पक्के झाले. एजन्सी जे सांगायची नाही ते बसच्या थांब्यावर दोन मिनिटांत कळतं.

मुलाखतीला जाच. जागा खरोखर स्टोअरची असेल, बस असेल, वर्षाचा करार असेल आणि हातात २१-२२ हजार येत असतील, तर घ्या. बुटीबोरीत आत शिरल्यावर दुसरी नोकरी शोधणं मनीषनगरच्या घरातून शोधण्यापेक्षा खूप सोपं असतं, कारण तिथल्या एचआरच्या लोकांचं एकमेकांत सतत बोलणं असतं. १७,४५० वरच अडले तर नम्रपणे नाही म्हणा आणि त्या मुलीला सांगून ठेवा, ‘२२ हातात असेल अशी जागा आली की मला पहिला फोन करा.’ नीट नकार देणाऱ्या उमेदवाराला पुढच्या वेळी आधी फोन जातो. न कळवता गैरहजर राहणाऱ्याला जात नाही.

रुजू झालात तर एक गोष्ट पहिल्याच महिन्यात बोलून ठेवा. एजन्सीच्या अनुभवपत्रावर अनेकदा फक्त एजन्सीचं नाव असतं, कारखान्याचा उल्लेखच नसतो. पुढच्या कंपनीला मग कळतच नाही की तुम्ही नेमकं कुठे, काय सांभाळलं. ‘अमुक कंपनीच्या बुटीबोरी प्लांटमध्ये स्टोअर विभागात नेमणूक’ ही ओळ पत्रात हवी, असं मेलवर मागून घ्या. बायोडेटात कारखान्याचं नाव लिहा आणि त्याखाली ‘अमुक एजन्सीच्या पेरोलवर’ हेही लिहा. पडताळणी करणारा पासबुकातलं मालकाचं नाव बघतोच. ते आणि बायोडेटा जुळले की पुढे कुणी अडवत नाही.